निळा दोरा

"आपल्या क्लबात मुलींची टीम कधी काढणार?"

विचारून टाकलं एकदाचं. आवाज जरासुद्धा फाटला नाही, याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं. दुकानाच्या दाराबाहेर तिच्या दोघी मैत्रिणी बटणांचे पुठ्ठे चाळायचं नाटक करत उभ्या होत्या. शाळा सुटताना पैज लागली होती: सेक्रेटरींना तोंडावर विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून मैदानातल्या बढाया बंद.

बाबांचं शिलाईमशीन तेवढं चालू राहिलं.

लाल-निळ्यांची फुटबॉल मॅच पाचला होती. त्याआधी बाबांना लाल कापडाचा एक लांबलचक पट्टा शिवून द्यायचा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचं होतं, 'फितुराला माफी नाही.' अक्षरं तिनेच कापली होती, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. फितूर म्हणजे आपला जुना नऊ नंबर. दोन हंगाम बाकावर बसून कंटाळला आणि पुलापलीकडच्या निळ्या टीममध्ये गेला. गेल्या महिन्यात त्यांच्या मैदानावर त्याने आपल्यालाच तीन गोल घातले. आज तो आपल्या मैदानावर यायचा होता, आणि त्याचं काय काय करायचं याची चर्चा दुपारी दोनपासून या शिंप्याच्या दुकानात रंगली होती.

या दुकानात निळा दोरा मिळत नाही. निळ्या पँटलाही काळाच दोरा. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की बाबा म्हणतात, "संपलाय." एकोणीस वर्षं झाली, संपलेलाच आहे.

"मुलींची टीम?" सेक्रेटरींनी चष्मा पुसायला काढला. "अगं, इथे नाक कापलं गेलंय आपलं. आज उट्टं काढायचा दिवस. आणि तुझं काय मध्येच?"

"नाही, पण खेळणार कुठे तू?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. ते बस चालवतात आणि लाल टीमची मॅच असली की हमखास आजारी पडतात.

"पुढे. नऊ नंबर."

"घरात आईच्या नाकी नऊ आणतेस, तेवढे पुरेत की."

हशा पिकला. सेक्रेटरी हसले, ड्रायव्हरकाका स्वतःच्याच विनोदावर मांडी थोपटून हसले. तिला त्याचं काही नव्हतं. काकांच्या विनोदांवर ती लहानपणापासून पोसली होती. तिने फक्त बाबांकडे बघितलं. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तोंड मिटलेलं होतं. पण खांदे हलत होते.

आई कोपऱ्यात काजं करत बसली होती. ती हसली नाही. तिने सुईत दोरा ओवला.

मुलीच्या दप्तरात तीन दिवसांपासून एक कागद होता. शाळेच्या मॅचनंतर एका बाईंनी तो तिच्या हातात दिला होता. त्या निळ्यांच्या मुलींच्या टीमला शिकवायच्या. टीममध्ये नाव नोंदवायच्या त्या कागदाच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा होती. तिने तो भूगोलाच्या वहीत दडवला आणि मैत्रिणींनाही सांगितलं नाही. लाल घरातली पोर ती, तिच्याकडे असला कागद असणंच पाप. आधी आपल्या माणसांना विचारू, मग फाडून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पैज नसती लागली तरी ती विचारणार होतीच.

"तो मैदानात उतरला की हुर्यो सुरू," ड्रायव्हरकाका पुन्हा मुद्द्यावर आले. "बॉलला पाय लागला की हुर्यो. नाही रडवला तर बघा."

"काका, त्याला बाकावर कुणी बसवलं होतं?"

हे पैजेत नव्हतं. हे तिचं तिने विचारलं.

ड्रायव्हरकाकांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी चष्म्याची तीच काच पुन्हा पुसायला लागले.

"ते वेगळं," ते म्हणाले. "आपल्या माणसाने जरा थांबायचं असतं."

"किती?"

"अहो, आटपा आता," सेक्रेटरी बाबांना म्हणाले. "साडेचार होत आले."

बाबांनी शेवटची वेलांटी शिवली, दोरा तोडला. सेक्रेटरी आणि ड्रायव्हरकाकांनी पट्टा दोन टोकांना धरून उलगडला. अक्षरं सरळ आली होती, एकही वाकडं नव्हतं. "झकास कापलीस हो," सेक्रेटरी तिला म्हणाले, आणि पट्टा खांद्यावर टाकून दोघे बाहेर पडले. बटणांचे पुठ्ठे टाकून मैत्रिणी दारात आल्या. एकीने अंगठा वर केला. पैज जिंकली होती.

तिने दप्तर उघडलं. भूगोलाची वही काढली. आतला कागद कापड बेतायच्या टेबलावर ठेवला, त्यावर खडूचा तुकडा ठेवला, उडू नये म्हणून.

"आई, बाबा, मी निळ्यांकडून खेळणार आहे. सोमवारी सही करून द्यायचाय हा."

बाबांच्या ओठांत अजून दोन टाचण्या होत्या. या वेळी खांदे हलले नाहीत.

"तुमचे सेक्रेटरी कधीतरी मुलींची टीम काढतीलच," ती म्हणाली. "काढू देत. पहिले तीन गोल मीच घालणार. हुर्यो करायला या. पट्टा आहेच, जपून ठेवा."

आईने काज अर्धवट सोडलं, उठून आली, कागद खालपर्यंत वाचला. "पेन दे," म्हणाली.

तिने पेन दिलं. आणि बाबांकडे वळली.

"निळा दोरा आणून ठेवा, बाबा. नऊ नंबर शिवायचाय."