खांबेट्यांची कवळी

“कवळी काढा बघू,” भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वाटी पुढे केली आणि खांबेट्यांनी आधी दाराकडे पाहिलं. हर्नियाच्या ऑपरेशनची त्यांना धास्ती नव्हती. पण दाराबाहेर बायको बसली होती, आणि ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना गुपचूप बसवून घेतलेल्या या कवळीचा त्यांनी अकरा वर्षं तिला पत्ता लागू दिला नव्हता.

“काढलीच पाहिजे का हो?”

“भूल चढल्यावर सुटून घशात अडकली तर, काका?”

मग खांबेट्यांनी हळूच सगळं सांगितलं. बायको झोपली की कवळी न्हाणीघरात, दाढीच्या सामानामागच्या पितळी पेल्यात. ती उठायच्या आत पुन्हा तोंडात. बाई हसल्या नाहीत. “नीट शुद्धीवर आलात की मी स्वतः बसवून देते. मगच काकूंना आत सोडू,” म्हणाल्या, आणि त्यांनी शब्द पाळला. दुपारी बायको आत आली तेव्हा खांबेटे बत्तिशी दाखवत चहा पीत होते.

संध्याकाळी घरी सोडताना नर्सने गोळ्या समजावल्या, जड उचलायचं नाही म्हणून बजावलं आणि बायकोला विचारलं, “काकू, अजून काही शंका?”

“एकच. यांची कवळी आज रात्री नेहमीसारखी काढून ठेवायची ना?”

खांबेट्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“असे काय बघताय?” बायको पिशवी उचलत म्हणाली. “पितळेचा पेला अकरा वर्षं आपला आपणच लखलखत होता, असं वाटलं काय तुम्हाला?”