प्रश्न क्रमांक एकोणचाळीस

"एक मार्क जास्त आहे गं मला!" स्पर्धा परीक्षेची पहिली उत्तरतालिका तपासून प्रणिता कॉटवरच नाचायला लागली. प्रणिता माझी रूम पार्टनर, शिकलेली इंजिनिअरिंग. मी बी.ए. इतिहास. वर्षभर तिला इतिहास शिकवला मी, आणि पुढे गेली ती! माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू.

त्यात ती पुढे गेली तो एकोणचाळिसावा प्रश्नही इतिहासाचाच. एका जुन्या वर्तमानपत्राचा पहिला संपादक कोण? तिने ठोकून दिलेलं उत्तर तालिकेत बरोबर धरलं होतं. चूक तालिकेची होती, माझ्या बी.ए.च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. ती आंघोळीला गेल्यावर मी त्या पानाचा फोटो जोडून ऑनलाइन हरकत नोंदवली. खरं सांगते, माझा मार्क वाढण्यापेक्षा तिचा जायला हवा होता मला.

अंतिम तालिकेत उत्तर बदललं. निवडयादीत माझं नाव आलं, तिचं एका मार्काने हुकलं.

मी चेहरा पाडून तिला जवळ घेतलं. डोळे पुसत तीच म्हणाली, "तुझंच उत्तर बरोबर होतं गं. तू आळशी, काही करणार नाहीस, म्हणून हरकत मीच नोंदवली. तुझ्याच पुस्तकाचं पान जोडून. सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो ना," मी म्हणाले.

पोस्ट माझी होती. तरी तिचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.