पहिला गुलाल

"पेनल्टी खोटीच होती!" फुटबॉलची फायनल हरल्यापासून मी आमच्या तालमीच्या दारात हेच ओरडत होतो. कोल्हापुरात जिंकलेली पेठ हरलेल्यांच्या दारात हलगी मुद्दाम जोरात वाजवते. आत आमचे म्हातारे कोच रंगरावमामा आजारी झोपलेले, म्हणून मी दार अडवून उभा राहिलो.

मिरवणूक आली आणि कोपऱ्यावरच हलगी थांबली. त्यांचा कॅप्टन इर्शाद कप घेऊन अनवाणी, एकटाच आला. मी बाजूला झालो. त्यानं कप मामांच्या उशाशी ठेवला.

"मामा, पहिला गुलाल तुमचा. किक मारायला तुम्हीच शिकवलं न्हवं?"

"झ्याक मारलीस पेनल्टी," मामा हसले.

इर्शादला सोडायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो. "पेनल्टी खोटीच होती," मी बजावलं आणि कपाळ पुढं केलं. "लाव गुलाल."