बत्तिसावा फोटो

रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी हरसूलच्या घाटात पहिली मोटारसायकल वळणावर आली आणि जीवनने बटण दाबलं. फ्लॅश उडाला, धुरळा उडाला, नंबर वाचायच्या आत वळण पुन्हा काळंकुट्ट.

जानेवारी १९९८ची थंडी. शर्यतीत बत्तीस गडी, रोलमध्ये छत्तीस फोटो. एकाला एक. गारठ्यात फ्लॅशचे सेल मरतात, म्हणून जादा सेल त्याने काखेत दाबले होते आणि तो पंख मोडलेल्या कोंबड्यासारखा उभा होता.

वर्तमानपत्रातली त्याची तीन महिन्यांची उमेदवारी सोमवारी संपत होती. वृत्तसंपादक नानांनी बजावलं होतं, "पहिला येईल त्याचा जंगलातला फोटो आण. आणलास तर कायम. नाही तर लग्नसराईचे फोटो आहेतच."

शर्यतीत त्याचा मेव्हणा कुंदनही होता. बायको प्रतिभाचा धाकटा भाऊ, सातपूरला वर्कशॉप, गाडी स्वतः जुळवलेली. हरसूलकडच्या खेड्यांतले पंप दुरुस्त करत दहा वर्षं हिंडलेला, त्यामुळे इथलं जंगल त्याला पाठ. सुटायच्या आधी तो ओरडला होता, "दाजी, माझा झकास आला पाहिजे! चाक हवेत!" स्वतःच्या लग्नात फोटोसाठी हाच गडी चारदा घोड्यावर चढला होता.

वळणावरच्या झोपडीतली चिमणाबाई घोंगडी पांघरून शेकोटीशी बसली होती. झोपमोडीचा राग ती मोजून काढत होती.

"एकतीस झाले. अजून किती मुडदे यायचे हाय?"

"एकच, मावशी."

चार वाजेपर्यंत दोघांनी वाट पाहिली. कोणी आलं नाही.

"गळाला असेल," जीवन म्हणाला. असल्या शर्यतीत एखादा गळतोच.

"मग जा बाबा. मला निजू दे."

सकाळी रोल धुऊन तो कचेरीत आला, तेव्हा टेबलावर निकाल पडला होता. बत्तीसच्या बत्तीस पोचले होते. पहिला, कुंदन.

जीवनने आनंदाने टाळी वाजवली. मग निगेटिव्हवर भिंग धरलं. एकतीस फोटो, एकतीस नंबर. त्यात कुंदनचा नऊ नंबर नव्हता. त्याने पुन्हा पाहिलं, मग उलटीकडून पाहिलं. ते वळण टाळून पुढे जायला रस्ता नव्हता. नकाशावर तरी नव्हता.

"झोपलास," नाना म्हणाले.

"नाही, नाना."

"मग काय, तो उडत गेला?"

जीवनचाही स्वतःवरचा भरवसा डळमळला. सेल बदलताना निसटला असेल. चिमणाबाईलाही डुलकी लागली असेल. दुपारी तो माफी मागायला सातपूरला गेला. वर्कशॉपसमोर हलगी वाजत होती. चषक लेथ मशीनवर ठेवला होता, त्याला हार घातला होता. कुंदन गुलालात न्हाला होता.

"कुंदन, तुझा तो घाटातला फोटो..."

"जाऊ द्या हो दाजी!" कुंदनने घाईने त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "फोटोचं काय एवढं!"

आणि तो नाचायला गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

फोटोसाठी चारदा घोड्यावर चढलेला गडी आज फोटोचं नाव नको म्हणत होता, आणि जंगलातल्या वाटा त्याला पाठ होत्या. जीवनला तो पेढा गिळायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी सातला नानांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. "झोप लागली असेल तर तसं लिहून दे, मग उद्यापासून येऊ नकोस. नसेल लागली, तर काय झालं ते लिही, पहिल्या पानावर घेतो. पान नऊला सुटतं."

नऊला दहा मिनिटं कमी असताना कागद कोरा होता. पेनाचं टोपण काढलेलं होतं.