कुत्रा कुणी मारला?

"आता पुरावाच दाखवतो," असं म्हणत दातांच्या डॉक्टरांनी माळ्यावरून उतरवलेला जुना संगणक जेवणाच्या टेबलावर मांडला आणि बटण दाबलं. संगणक आधी खाकरला, मग उगाच दोनदा किंचाळला आणि एकदाचा सुरू झाला. बायकोने कपाळावर हात मारला. पलीकडे मटार सोलत बसलेल्या आईने मान वरसुद्धा केली नाही.

पुरावा हवा होता एका कुत्र्याच्या खुनाचा. डॉक्टर बारावीत असताना एका गेमने त्यांना पार झपाटलं होतं. त्यात महायुद्ध होऊन जगाची राखरांगोळी झालेली. उरलंय काय, तर वाळवंट, गंजलेल्या मोटारी आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं. त्यातून भटकणारा आपला गडी एकटा, सोबतीला फक्त एक लंगडा कुत्रा. एके दिवशी डॉक्टर क्लासला गेले आणि धाकटी बहीण तासभर त्यांच्या जागी खेळत बसली. हे घरी येऊन बघतात, तर कुत्रा गायब! "तूच मारलास त्याला." "मी नाही मारला." झालं! डॉक्टरांनी गेम बंद केला तो कायमचा, आणि बहिणीशी बोलणंही. बावीस वर्षं अबोला! दोघांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली, पण एकमेकांशी एक शब्द नाही. निरोप पोचवायचं काम आधी आईकडे होतं, लग्नानंतर ते बायकोच्या गळ्यात पडलं.

आता बहीण रविवारी परदेशी चालली होती. नवऱ्याची नोकरी तिकडे, म्हणजे कायमचीच. बायको आठवडाभर मागे लागली होती, "अहो, विमानतळावर तरी चला. एकुलती एक बहीण तुमची, परत कधी दिसेल देव जाणे." डॉक्टरांचं एकच पालुपद, "आधी तिने कबूल करावं." चाळिशीचा माणूस, दिवसभर लोकांच्या दाढा उपटतो, आणि घरी आला की हे असं!

जुना खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. डॉक्टरांची बोटं आपोआप चालायला लागली. कुत्रा शेवटचा दिसला होता तो एका बोगद्याच्या तोंडाशी. तिथे गेलं की त्याची हाडं सापडणार, हाडांचा फोटो काढायचा आणि बहिणीला पाठवायचा, असा त्यांचा बेत होता. डोंगराला वळसा घालून ते बोगद्यापाशी पोचले.

कुत्रा तिथेच बसला होता. जिवंत, धडधाकट, बोगद्याकडे तोंड करून. डॉक्टरांना बघून त्याने शेपटी हलवली.

डॉक्टरांना सगळं आठवलं. बोगद्यात विषारी वायू होता आणि मुखवटा एकच होता. कुत्र्याला काही होऊ नये म्हणून त्यांनीच त्याला हुकूम दिला होता, 'इथेच थांब.' मग ते बोगद्याच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडले, तिथे बंदुकांचं घबाड हाती लागलं, आणि त्या आनंदात कुत्र्याला बोलवायचं साफ राहून गेलं.

"फोन लाव तिला," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "सांग, कुत्रा जिवंत आहे."

बायकोने फोन लावून स्पीकर चालू केला. "अगं, हे म्हणतायत, कुत्रा जिवंत आहे."

"माहितीये मला, वहिनी. बोगद्याबाहेर बसलाय."

डॉक्टरांनी फोन हिसकावून घेतला. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

 बावीस वर्षांनी दादाचा आवाज थेट बहिणीच्या कानावर पडला होता. "दादा, अरे, दुसऱ्याच आठवड्यात शोधून काढला मी त्याला. लगेच आईकडे निरोपही दिला. तूच काही उत्तर दिलं नाहीस, मग मीही हट्टाला पेटले."

"मला कसलाच निरोप मिळाला नाही गं!" डॉक्टर म्हणाले. "चुकलं माझं. रविवारी मी येतोय. तुझ्या बॅगा मीच उचलणार."

तिकडे बहीण हुंदके द्यायला लागली. इकडे नवराबायको दोघंही आईकडे वळले.

"असं काय बघताय?" आई म्हणाली. "परीक्षा तोंडावर होती याची. कुत्रा सापडला म्हटलं असतं, तर पुन्हा त्या खोक्यासमोर ठाण मांडलं असतं."

"अगं, मग परीक्षा झाल्यावर सांगायचं!"

"सांगणारच होते," आई म्हणाली. "पण तुम्ही दोघं बोलेनासे झालात आणि घर इतकं शांत वाटायला लागलं, की म्हटलं, राहू दे अजून चार दिवस."