नववं गाणं

बँडच्या ऑफिसात शिरून तिने बँडमास्तर वडिलांपुढे गाण्यांची यादी आपटली.

"त्या पोराशी लग्न करणार असशील तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही, सांगितलंय ना?" ट्रम्पेट पुसता पुसता ते गुरगुरले.

"बाप म्हणून नकाच येऊ, बाबा. मी बँड ठरवायला आलेय. बारा गाणी, सगळी प्रेमाची. दारात आलेलं काम परत पाठवत नाही, असं जगाला सांगत फिरता ना?"

त्यांनी यादी जवळ ओढली, पेन्सिल काढली आणि नववं गाणं कागद फाटेल इतक्या जोरात खोडलं.

"हे विरहाचं आहे. माझ्या पोरीच्या लग्नात असलं रडगाणं वाजणार नाही!"