ताईचा नियम

रविवारी दुपारी मेव्हणी इंग्रजी अक्षरांचा खेळ घेऊन आली, तेव्हाच सुताराच्या कपाळाला आठ्या पडल्या. खेळ त्याच्या मेलेल्या बायकोचा. तिचा नियम कडक होता: पिशवीत हात घातला की सात ठोकळे घेतल्याशिवाय काढायचा नाही.

"काय शब्द लागतोय, दाजी?"

त्याच्या ठोकळ्यांतून एकच शब्द लागत होता: हॅमर. त्याने सगळे परत टाकले, पिशवी हलवली, पुन्हा काढले. पुन्हा हॅमर.

बायको जिन्यावरून पडली, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. हातोडा तर त्याने त्याच दिवशी नदीत फेकला होता.

त्याचं डोकं फिरलं. खेळात 'एम' दोनच होते. दोन्ही त्याने शेगडीत कोंबले आणि राख होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

"झालं समाधान? आता काढा," मेव्हणी म्हणाली.

त्याने हात घातला. पहिला ठोकळा गरम लागला. दुसराही. मग आत काहीतरी जड त्याच्या बोटांवर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. किंचाळत तो हात ओढू लागला, पण आतून कुणीतरी मनगट धरलं होतं.

मेव्हणी आपले ठोकळे नीट लावत राहिली.

"ताईचा नियम आहे, दाजी. अजून पाच राहिलेत."